जहाज दाखवायचं राहिलं

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"ओळखत नाही म्हणतो."

"ओळखत नाही कसा? महिनाभर दोघं एकमेकांच्या शेजारी तर पडलेले असायचे."

आईचं चुकत नव्हतं. टीव्हीखालचा काळा गेमचा डबा आणि साबणाच्या वडीएवढी हार्ड डिस्क, दोन्ही माझ्या धाकट्या भावाने परदेशातून आणलेले. तो असताना वायर खुपसली की टीव्हीवर डिस्कचं चित्र लगेच उमटायचं. आता त्याला जाऊन तीन महिने झाले होते, आणि वायर खुपसली की इंग्रजीत एकच ओळ यायची, की जोडलेली वस्तू ओळखता येत नाही. मी वायर काढायचो, शर्टाला पुसायचो, परत लावायचो. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकायचा, आतून बारीक घुरघुर ऐकू यायची, म्हणजे जीव होता तिच्यात. तरी तीच ओळ.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. वसईजवळच्या भुईगावात आमचं ख्रिस्ती घर, घरामागे केळी आणि मोगऱ्याची वाडी. वडील फार आधी गेले. मी वसईतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो, बहीण लग्न होऊन कुवेतला, आणि धाकटा क्रूझच्या जहाजावर, तिथल्या बेकरीत पाव भाजायला. नऊ महिने पाण्यावर, मग सुट्टी. त्या सुट्टीत आल्यापासून तो रोज त्या गेमसमोर बसलेला असायचा आणि माझं डोकं फिरायचं. "सत्तावीस वर्षांचा घोडा झालास, लाज नाही वाटत?" मी म्हणायचो. तो मान न वळवता म्हणायचा, "दादा, तू पण बस ना एकदा." मी कधी बसलो नाही. मला वह्या तपासायच्या असायच्या.

एका संध्याकाळी त्याने आईला हाक मारली. "आई, बस जरा इथे. तुला माझं जहाज दाखवतो. अख्खी फिल्म केलीय तुझ्यासाठी. मी कुठे झोपतो, पाव कुठे भाजतो, बाहेरचा समुद्र, सगळं. बोललोय पण मीच, आपल्या बोलीत." आमच्या घरची बोली वेगळी आहे, ती इथे लिहीत बसलो तर गावाबाहेर कोणाला कळायची नाही, म्हणून मी सगळ्यांचं बोलणं साध्या मराठीत देतोय. तेव्हा लाईट दिवसातून सहा-सहा तास जायची आणि त्या वेळी नुकतीच आली होती. आई म्हणाली, "लाईट आहे तोवर वाडीला पाणी सोडून येते. तुझं जहाज काय पळून चाललंय? उद्या बघू." आणि ती मोटार लावायला गेली. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. पाचव्या दिवशी हॉस्पिटलात तो गेला. ताप डोक्यात गेला, एवढंच डॉक्टर म्हणाले.

दोन महिने आई कोणाशी धड बोललीच नाही. भात समोर ठेवला की खायची, देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की उठायची. आणि एके दिवशी, तांदूळ निवडता निवडता, म्हणाली, "ते जहाज लाव."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं, मोटारीसकट. "त्याने माझ्यासाठी केलेलं आणि मी बघितलं नाही. पाणी सोडायला गेले. जळली ती मोटार!" असं म्हणून ती तांदळाचं सूप बाजूला सारून रडली. तो गेल्यापासून मी तिला तेव्हाच पहिल्यांदा मोकळं रडताना बघितलं.

पण डिस्क तेव्हा घरात नव्हती, कुवेतला होती.

आमच्याकडे मैताचं, म्हणजे अंत्यविधीचं, शूटिंग करतात. बाहेरच्या लोकांना हे ऐकून कसंसं होतं, पण ज्या गावातलं निम्मं तरुण रक्त आखातात नाहीतर जहाजावर असतं, तिथे दुसरं करणार काय? मैताला सगळे थोडेच पोचतात? लग्नाचा शूटिंगवाला आणि मैताचा शूटिंगवाला एकच असतो. शवपेटीभोवती घरच्यांना उभं करून तो फोटोही काढतो, "जरा जवळ सरका" म्हणतो, आणि आपण सरकतो. भावाच्या वेळी बहिणीला सातवा महिना होता, विमानात बसायची परवानगी नव्हती. तिला पाठवलेल्या सीडीत शूटिंगवाल्याने नेहमीप्रमाणे काटछाट करून गाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. तिने फोन करून आकांत केला, "मला पाकळ्या नकोत, मला माझा भाऊ बघायचाय. काही कापू नका, सगळं पाठवा." तेव्हा ते सगळं शूटिंग भावाच्याच डिस्कवर भरून, गावातल्या एका कुवेतवाल्याबरोबर पाठवलं होतं. ती डिस्क दुसऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून परत आली, आणि आईने हात धुऊन, पदराला पुसून, ती माझ्या हातात दिली.

तर ही ती डिस्क, आणि गेम तिला ओळखत नव्हता.

मग सुरू झाली दुरुस्ती. गावात अशा वेळी प्रत्येक जण इंजिनिअर होतो. एक म्हणाला, एअरपोर्टच्या एक्स-रेमध्ये जळली असणार. दुसरा म्हणाला, कुवेतचं ऊन लागलं. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "सर, शाळेच्या मशीनला चुकूनही लावू नका, पोरांनी नाही नाही ते व्हायरस भरून ठेवलेत. सायबर कॅफेत तर नकोच नको. आणि कुठे लावलीत आणि त्याने विचारलं, फॉरमॅट करू का, तर नाही म्हणा. हो म्हटलंत की सगळं साफ." मी मान हलवली. एवढी अक्कल आहे मला, असं मनात म्हटलंसुद्धा.

वायर बदलून झाली. एका खोबणीतून पुरेशी वीज मिळत नाही असं कळलं म्हणून वसईच्या बाजारातून दोन तोंडांची वायर आणली, दोन्ही तोंडं गेमच्या दोन खोबणींत खुपसली. काही नाही. मग माझ्यातल्या विज्ञानाच्या मास्तरला वाटलं, व्होल्टेज! संध्याकाळी सगळ्या वाड्यांच्या मोटारी एकदम लागतात, आमचा बल्ब तेव्हा पिवळा पडतो, त्यात ह्या बिचारीला काय मिळणार? मी सहज बोलून गेलो आणि आई उठलीच. तिने आमची मोटार बंद केली. वर शेजारच्या दोन वाड्यांत जाऊन, "घटकाभर थांबा, माझ्या पोराचं बघायचंय," असं सांगून त्यांच्याही बंद करवल्या. मोगरा ऐन बहरात होता, एक पाणी चुकलं तर कळ्या बारीक राहतात. कोणी एक शब्द बोललं नाही. तीन वाड्या गप्प झाल्या आणि बल्ब पांढरा झाला. मी वायर लावली. तीच ओळ.

"ओळखत नाही?" आईने विचारलं.

"नाही."

"असू दे. उद्या परत बघू," ती म्हणाली, आणि ह्या वेळी 'उद्या' म्हणताना तिचा आवाज चिरकला.

ह्या सगळ्यात मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती मी आईला सांगत नव्हतो. गेम चालू केला की तो आधी विचारायचा, कोण खेळणार? खाली एकच नाव असायचं, भावाचं, आणि शेजारी त्याने निवडलेलं एक हसरं तोंड. ते नाव दाबल्याशिवाय आत जाता येत नसे. म्हणजे रोज संध्याकाळी जपमाळ झाली की मी माझ्या मेलेल्या भावाच्या नावाने आत शिरायचो. आणि तो डबा मला त्याच्या नावाने 'या, स्वागत आहे' म्हणायचा. आपण चोरासारखे कोणाच्या तरी खोलीत शिरलोय आणि तो दाराआड उभा आहे, असं वाटायचं.

आणि एक दिवस टीव्हीच्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र आलं.

गेमला इंटरनेट होतं. भावानेच केबलवाल्याकडून वायर ओढून घेतली होती, ती मी बंद करायची विसरलो होतो. पाकीट उघडलं. इंग्रजीत लिहिलेलं होतं, "हा तू आहेस?"

मी बघत राहिलो, तेवढ्यात दुसरं आलं. "कोण आहे तिथे? आम्ही जहाजावर तुझ्यासाठी मिस्सेची प्रार्थना केली. कोण आहे?"

तो भावाचा जहाजावरचा जोडीदार होता, फिलिपिन्सचा, बेकरीत त्याच्याच शेजारी उभा राहणारा. तोही सुट्टीवर घरी होता, आणि त्याच्याकडेही असाच गेम होता. त्याच्या गेममधल्या मित्रांच्या यादीत भावाच्या नावासमोर आठवडाभर रोज संध्याकाळी हिरवा ठिपका लागत होता, म्हणजे तो माणूस आत्ता जागा आहे, खेळायला बसला आहे. आठवडाभर त्या बिचाऱ्याने ते बघितलं, आणि मग धीर करून लिहिलं.

गेम खेळायच्या हातातल्या दांडीने एकेक अक्षर शोधत मी उत्तर लिहिलं, मी त्याचा थोरला भाऊ आहे, माफ करा. आईला सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती टीव्हीच्या जवळ सरकली.

"म्हणजे तिकडे त्या मुलाला हा आहे असं दिसतं?"

"हो. आपण चालू ठेवलं की."

"मग बंद करू नको."

"आई, अगं..."

"बंद करू नको म्हटलं ना!"

त्या दिवसापासून डिस्क लागो न लागो, संध्याकाळी गेम चालू राहायचा. आई समोर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसायची. टीव्हीवर काहीच नसायचं, नुसता रंग आणि त्यावर भावाचं नाव. मध्येच ती नावाकडे बघून म्हणायची, "जेवलास का?" मी तिथून उठून ओटीवर जायचो. मला ते सहन व्हायचं नाही, आणि थांबवायची हिंमतही नव्हती.

डिस्कचं कोडं त्या जोडीदारानेच सोडवलं. मी त्याला सगळं लिहिलं, दोन तोंडांची वायर, व्होल्टेज, एक्स-रे. दुसऱ्या संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, आणि ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. "डिस्क बिघडलेली नाही. हा गेम फक्त जुन्या पद्धतीची डिस्क वाचतो. तुझ्या भावाने ती माझ्यासमोर मुद्दाम त्या पद्धतीची करून घेतली होती, कारण त्याला आईला घरी टीव्हीवर फिल्म दाखवायची होती. आधी चालत होती आणि आता चालत नाही, म्हणजे मधे कोणीतरी तिची पद्धत बदलली. त्या जुन्या पद्धतीत फार मोठी फाईल मावत नाही, म्हणून लोक बदलतात. कोणी फॉरमॅट केली?"

मी ते वाचलं आणि दांडी खाली ठेवली. शेवटचे तीन शब्द टीव्हीवर तसेच होते. आई विचारत होती, "काय म्हणतो, काय म्हणतो?" आणि मला एक फोन आठवत होता.

भाऊ गेल्याला महिना झाला, त्या दिवसाची मिस्सा होती. घरात माणसांची गर्दी, मांडवात जेवणावळ, भात कमी पडला म्हणून मी आचाऱ्यावर ओरडत होतो. त्यात फोन वाजला. शूटिंगवाला होता. "सर, ह्या डिस्कवर आधीचं काहीतरी आहे. आपली फाईल फार मोठी आहे, ह्यात ती मावत नाही. मावेल अशी करायची तर फॉरमॅट मारावं लागेल. आधीचं सगळं जाईल. करू का?" मी काय म्हणालो? मी म्हणालो, "गेमबिम असतील त्याचे. करा." तो भला माणूस पुन्हा म्हणाला, "नक्की ना सर? एकदा बघून घ्या ना." आणि मी खेकसलो, "अहो, करा म्हटलं ना! इथे मला भाताची पडलीय."

हे मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, की विसरल्याचं सोंग घेतलं होतं, ते देवच जाणे. तीन वाड्यांचं पाणी अडवून मी महिनाभर वायरी पुसत बसलो होतो, आणि कुठलाही दोष त्या वायरीत नव्हता.

आईला म्हणालो, "दुकानात नेऊन दाखवायला सांगतोय." खोटं नव्हतं अगदी, पण खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट शूटिंगवाल्याकडे गेलो. त्याने डिस्क कॉम्प्युटरला लावली. आत एकच भलीमोठी फाईल होती, मैताची. मी त्याला म्हटलं, "माझीच चूक, तुम्ही विचारलं होतंत. पण काही निघतं का बघा." त्याने पुसलेलं शोधून काढायचं एक सॉफ्टवेअर लावलं आणि मला चहा पाजला. दुपारभर ते चाललं. काही गाणी निघाली, तुटकी. बेकरीतल्या पावांच्या लाद्यांचा एक फोटो निघाला, अर्धा, खालचा भाग राखाडी. आणि एका फिल्मचं नाव निघालं. इंग्रजी अक्षरांत नुसतं 'आई'. शेजारी तिचा आकार, तारीख, सगळं शाबूत.

"उघडा," मी म्हणालो.

त्याने उघडायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग खुर्ची मागे सारून म्हणाला, "सर, नाव राहिलंय. आतलं काही नाही. मैताचं शूटिंग बरोबर त्याच जागेवर बसलंय."

त्या दुकानात, लग्नाच्या अल्बमांच्या मधोमध बसून मी हमसून हमसून रडलो. शूटिंगवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं, एवढी माणुसकी दाखवली. मग त्याने न विचारता एक काम केलं. मैताची फाईल तोडून तिचे छोटे छोटे तुकडे केले, डिस्क परत जुन्या पद्धतीची केली, आणि ते तुकडे तिच्यात भरले. "आता तुमच्या गेमवर लागेल. काहीतरी तरी लागू दे," तो म्हणाला.

घरी आलो तर आई टीव्हीसमोर तयार बसली होती. केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून. पाहुणा यायचा असल्यासारखी. मी वायर लावली आणि क्षणात टीव्हीवर डिस्कचं चित्र उमटलं.

"ओळखलं!" आई टाळी वाजवून म्हणाली. "ओळखलं बघ! लाव, लाव."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "आई, त्यात जहाज नाही. मी घालवलं. शूटिंगवाल्याने विचारलं होतं, पुसू का, आणि मी हो म्हणालो. त्याचे गेम असतील म्हणालो. बघितलंसुद्धा नाही."

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाहेर कोणाची तरी मोटार चालू होती.

"मग आहे काय त्यात?" तिने विचारलं.

"मैत आहे त्याचं. पूर्ण."

"लाव."

"आई, नको."

"लाव म्हणते. मला त्या दिवसातलं काही आठवत नाही. मी त्याला धड बघितलं पण नाही."

मी लावलं. अंगण, माणसं, फादर. पेटीशी आईला धरून उभ्या दोन बायका, आणि आईचे डोळे कुठेच बघत नसलेले. मग शूटिंगवाल्याने कॅमेरा जवळ नेला आणि अख्ख्या टीव्हीभर भावाचा चेहरा आला. आई उठली. टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली आणि बघत राहिली. ती रडली नाही. तिने बोट पुढे केलं.

"भांग उजवीकडून कोणी पाडला?"

पेटीत ठेवण्याआधी त्याचे केस मीच विंचरले होते. घरचं कोणीतरी करतं, आमच्यात तशी रीत आहे.

"मी," मी म्हणालो.

"तो डावीकडून पाडायचा," आई म्हणाली. "सत्तावीस वर्षं एका घरात राहिलात रे तुम्ही दोघं."